चित्राखालची ओळ : जतमधील एका संभाव्य प्रदर्शनाचा विचार

मानवी हक्कांचा जाहीरनामा संयुक्त राष्ट्रसंघाने १० डिसेंबर १९४८ रोजी स्वीकारला. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात सारे 'पुरुष' जन्मतः स्वतंत्र आहेत असा अर्थ निघू शकेल, अशी शब्दयोजना होती. भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी तिला हरकत घेतली आणि त्या जागी 'सर्व मानव' असे शब्द आले. जगातील असंख्य स्त्रियांचे नाते त्या कलमाशी जुळले ते या एका दुरुस्तीमुळे. हक्कांच्या इतिहासात शब्द किती निर्णायक ठरतो, याचे याहून साधे उदाहरण आम्हांस आठवत नाही.

दरवर्षी १० डिसेंबरच्या आगेमागे शाळा, महाविद्यालये, धर्मग्राम आणि सामाजिक संस्था यांच्यातर्फे मानवी हक्कांविषयीची प्रदर्शने भरतात. त्याच सुमारास, मार्गशीर्षात, सांगली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला जत येथे यल्लम्मा देवीची यात्रा भरते. खिलार जनावरांचा मोठा बाजार, भंडाऱ्याने पिवळी झालेली वाट, चौंडक्याचा नाद, परड्या घेतलेल्या जोगतिणी आणि सीमेपलीकडून आलेले कानडी भाविक, असे या यात्रेचे रूप असते. या दोन गोष्टी एकमेकींसमोर ठेवाव्यात आणि जतच्याच भूमीवर या प्रदेशातील मानवी हक्कांच्या चळवळींचे दस्तऐवजी प्रदर्शन मांडावे, असे सुचविण्यासाठी हा लेख आहे. सुचवितानाच त्यातील धोक्यांची चिकित्साही आम्ही करणार आहोत. प्रदर्शन हे एक प्रकारचे वाङ्मयच असते. त्यात निवड असते, क्रम असतो, निवेदक असतो आणि त्या निवेदकाची एक भूमिका असते. कथा-कादंबरीला जे प्रश्न विचारायचे, ते त्यालाही विचारले पाहिजेत.

जतच का, हे प्रथम सांगितले पाहिजे. जत हे डफळे घराण्याचे संस्थान होते. ते ८ मार्च १९४८ रोजी मुंबई राज्यात विलीन झाले. पुढे १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला, त्यात जत तालुका गेला आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे सांगली असे नामकरण झाले. शंभर-सव्वाशे वर्षांच्या काळात एकाच गावाचे कागद संस्थानाच्या, इलाख्याच्या, राज्याच्या आणि दोन वेगळ्या नावांच्या जिल्ह्यांच्या दप्तरांत विखुरले गेले. त्यात भाषाही दोन. तालुक्याच्या पूर्व भागात कानडी ही घरची भाषा आहे आणि मराठी कचेरीची. ज्या माणसाचे दुःख एका भाषेत आहे आणि अर्ज दुसऱ्या भाषेत, त्याचा आवाज दप्तरात कसा उमटतो, हा अभ्यासाचा स्वतंत्र विषय आहे. प्रदर्शनाची पहिली अट यातूनच निघते. प्रत्येक चित्राखालची ओळ मराठीत आणि कानडीत असली पाहिजे, आणि कानडी ओळ मराठीची छाया असता कामा नये.

आता विषयाकडे वळू. जतच्या प्रदर्शनात दोन चळवळींना जागा द्यावी लागेल. एक, देवाला सोडलेल्या स्त्रियांच्या मुक्तीची. दुसरी, पाण्याच्या हक्काची. वरकरणी त्यांचा एकमेकींशी संबंध नाही. पण कोरडवाहू जमीन, कर्ज, घरातील आजारपण आणि खालची ठरविलेली जात ही ज्या घरात एकत्र आली, त्याच घरातील मुलगी बहुधा देवीच्या पायाशी नेली गेली. आणखी एक दुवा आहे. डॉ. बाबा आढाव यांच्या महात्मा फुले समता प्रतिष्ठानने १९७० च्या दशकात 'एक गाव एक पाणवठा' ही मोहीम चालविली. त्याच प्रतिष्ठानच्या पुढाकाराने १९७५ मध्ये गडहिंग्लजला देवदासींची परिषद भरली. दलितांना गावच्या विहिरीवर उभे राहण्याचा हक्क आणि दलित मुलीला देवाच्या नावाने न सोडले जाण्याचा हक्क, हे दोन्ही प्रश्न कार्यकर्त्यांनी एकाच दृष्टीने पाहिले होते. प्रदर्शनानेही ते तसेच पाहावेत.

स्त्रियांच्या प्रश्नाचा कायद्यातील इतिहास थोडक्यात सांगता येतो. राजर्षी शाहू महाराजांनी १९२० मध्ये कोल्हापूर संस्थानात जोगत्या-मुरळ्यांच्या प्रथेविरुद्ध कायदा केला. मुंबई इलाख्यात देवदासींच्या संरक्षणाचा कायदा १९३४ मध्ये झाला. परंतु जत तेव्हा संस्थान होते आणि इलाख्याचा कायदा संस्थानात आपोआप लागू होत नसे. कर्नाटकाने १९८२ मध्ये नवा कायदा केला. महाराष्ट्राने देवदासी पद्धती नष्ट करण्याचा स्वतःचा कायदा केला तो २००५ मध्ये. म्हणजे सीमेच्या अलीकडे-पलीकडे एकाच देवीच्या नावाने होणाऱ्या एकाच विधीला दोन राज्यांतील कायद्यांनी वेगवेगळ्या काळी गाठले. या तारखांचा एक साधा तक्ता यात्रेकरूंच्या वाटेवर लावला, तरी तो बरेच काही सांगून जाईल.

पण कायद्यांच्या तारखांत बाई दिसत नाही. ती दिसते मराठी साहित्यात, आणि म्हणून या साहित्याची तपासणी प्रदर्शनाच्या पूर्वतयारीतच केली पाहिजे. जतच्या शेजारच्या कवठे महांकाळ तालुक्याचे कथाकार चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा आणि राजन गवस यांच्या १९८० च्या दशकातील 'चौंडकं' व 'भंडारभोग' या कादंबऱ्या ही या विषयावरील मराठीतील महत्त्वाची निर्मिती होय. मुलीला जोगतीण करणारा समाज मुलालाही सोडत नाही, त्याला लुगडे नेसवून जोगत्या करतो, हे सत्य गवसांनी त्याच मातीच्या बोलीत मांडले. या कादंबऱ्यांतील माणसे स्वतःची कीव करीत बसत नाहीत. ती भांडतात, हिशेब मांडतात, देवीवर रुसतात आणि तिलाच शरणही जातात. शोषणाची आणि श्रद्धेची अशी एकत्र बांधलेली गाठ बाहेरून आलेल्या निरीक्षकाला सहसा उकलत नाही.

या तिन्ही कृतींच्या आधारे राजीव पाटील यांनी 'जोगवा' हा चित्रपट २००९ मध्ये पडद्यावर आणला. सामाजिक विषयावरील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. उपेंद्र लिमये, अजय-अतुल, हरिहरन आणि श्रेया घोषाल यांनाही राष्ट्रीय पुरस्कार लाभले. चित्रपटाची गुणवत्ता आम्ही नाकारीत नाही. जे लाखो लोक कादंबरी वाचत नाहीत त्यांच्यापर्यंत त्याने हा विषय नेला. तरीही एक प्रश्न विचारलाच पाहिजे. आज लग्नसमारंभांत आणि स्नेहसंमेलनांत 'जीव रंगला' हे गाणे म्हटले जाते, तेव्हा ते कोणाचे गाणे आहे हे किती जणांना ठाऊक असते? सौंदर्याने दुःखाला श्रोता मिळवून दिला, हे खरे. पण श्रोत्याने सौंदर्य घरी नेले आणि दुःख डोंगरावरच राहिले. प्रदर्शनालाही हाच मोह होणार आहे. भंडाऱ्याचा पिवळा रंग, हिरव्या बांगड्या, गळ्यातील लाल-पांढऱ्या मण्यांची माळ, कपाळभर मळवट हे सारे छायाचित्रात फार देखणे दिसते. भिंतभर असे चेहरे लावले की पाहणारा रंगांनी भारावून बाहेर पडतो आणि आपण काहीतरी समजून घेतले, अशी त्याची समजूत होते.

याउलट दुसरा मोह आहे तो हादरा देण्याचा. कर्नाटकातील चंद्रगुत्ती येथे नग्नपूजेच्या प्रथेला विरोध करणाऱ्या कार्यकर्त्यांवर मार्च १९८६ मध्ये हल्ला झाला आणि त्या प्रथेची देशभर चर्चा झाली. उत्तम कांबळे यांचे 'देवदासी आणि नग्नपूजा' हे पुस्तक या दोन्ही प्रथांचा वेध घेते. अशा प्रसंगांची चित्रे प्रदर्शनात लावावीत काय? आमचे उत्तर स्पष्ट नकाराचे आहे. ज्या स्त्रीला एकदा श्रद्धेच्या नावाखाली लोकांसमोर उभे केले गेले, तिला सुधारणेच्या नावाखाली पुन्हा उभे करण्याचा अधिकार कोणाला नाही. घटनेचे गांभीर्य सांगण्यास छापील शब्द, तारखा आणि शासनाने नंतर उचललेली पावले पुरेशी आहेत.

येथे आम्हां ख्रिस्ती वाचकांनी आपल्याच परंपरेतील एका चुकीचे स्मरण करणे उचित ठरेल. मग्दालीया मरीया ही पश्चात्तापदग्ध वेश्या होती, असे आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी ऐकलेले असते. चारही शुभवर्तमानांत असे कोठेही म्हटलेले नाही. तिच्यातून सात भुते निघाली होती, ती येशूच्या मागून चालली, क्रुसापाशी उभी राहिली आणि पुनरुत्थित प्रभू प्रथम तिला भेटला, एवढेच तेथे आहे. इ. स. ५९१ च्या सुमारास महान पोप ग्रेगरी यांनी आपल्या प्रवचनात तिची आणि लूकच्या शुभवर्तमानातील अनामिक पापी स्त्रीची एकच व्यक्ती केली, आणि पाश्चात्त्य ख्रिस्ती जगाने ते चौदाशे वर्षे मानले. चित्रकारांनी तिला मोकळ्या केसांची आणि उघड्या खांद्यांची रंगविली. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये तिच्या २२ जुलैच्या स्मरणदिनाला प्रेषितांच्या सणांचा दर्जा दिला आणि तिला प्रेषितांची प्रेषिता म्हणून गौरविले. पुनरुत्थानाच्या पहिल्या साक्षीदार स्त्रीची ओळख चित्राखालच्या एका चुकीच्या ओळीने चौदा शतके झाकून टाकली. जतच्या प्रदर्शनात ओळी लिहिणाऱ्यांनी ही गोष्ट आपल्या टेबलावर लिहून ठेवावी.

ओळ कोणी लिहायची, या प्रश्नाचे एक उत्तर गोमंतकाने दिलेले आहे. तेथील देवळांशी बांधल्या गेलेल्या कलावंत घराण्यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वतःची संस्था उभारली, 'गोमंतक मराठा समाज' हे नाव स्वीकारले, शिक्षणाचा ध्यास घेतला आणि आपली कागदपत्रेही स्वतःच जपली. त्या समाजाचे एक अग्रणी राजाराम पैंगीणकर यांच्या आत्मचरित्राचे नाव 'मी कोण?' असे आहे. अंजली अरोंदेकर या अभ्यासक विदुषीने २०२३ मधील आपल्या ग्रंथात या समाजाच्या संग्रहाचा विचार केला आहे. अशा समाजांविषयी कागदच मिळत नाहीत, हे गृहीत त्यांनी खोडून काढले आहे. गोव्यात कागद भरपूर आहेत, कारण ते ज्यांचे होते त्यांनीच ठेवले. जतच्या आणि आसपासच्या जोगतिणी बहुतांशी दलित आणि निर्धन. त्यांच्याजवळ छापखाना नव्हता, सभागृह नव्हते, संगीताची प्रतिष्ठा नव्हती. त्यामुळे त्यांचे कागद सापडतील ते इतरांच्या दप्तरांत: पोलीस ठाण्यात, रुग्णालयात, समाजकल्याण खात्यात. या कागदांत त्या आरोपी, रुग्ण किंवा लाभार्थी आहेत. नागरिक म्हणून क्वचितच.

लाभार्थी या शब्दापाशी थोडे थांबू. संजय गांधी निराधार अनुदान योजनेच्या पात्र व्यक्तींत देवदासींचा समावेश आहे. ते अनुदान हवे तर आपण देवदासी आहोत हे वृद्ध स्त्रीने कागदावर सिद्ध करायचे. ज्या शब्दातून सुटण्यासाठी चळवळ झाली, तोच शब्द म्हातारपणी दोन घासांसाठी स्वतःच्या नावापुढे लावून घ्यायचा! तिच्या मुलांची कथा निराळी. शाळेच्या दाखल्यावर वडिलांच्या नावाचा रकाना असे आणि त्या रकान्यापाशी कित्येकांचे शिक्षण अडखळे. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या शासकीय कागदपत्रांवर आईचे नाव असणे महाराष्ट्राने बंधनकारक केले, तेव्हा शहरी वर्गाने ते समतेचे एक चिन्ह मानले. जोगतिणीच्या घरात तोच रकाना भाकरीइतका खरा प्रश्न होता. एक कोरा दाखला, त्यातील तो रकाना आणि खाली ही हकीकत, एवढे एक दालन आम्हांस शंभर रंगीत छायाचित्रांहून मोलाचे वाटते.

याच जिल्ह्यात असाही एक आवाज आहे जो आपल्या वाचकांना रुचणार नाही, आणि म्हणूनच त्याचा उल्लेख टाळता येत नाही. सांगलीत १९९२ पासून काम करणाऱ्या 'संग्राम' या संस्थेने एच. आय. व्ही.च्या साथीच्या काळात देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांनाच कार्यकर्त्या बनविले. त्यातून १९९६ मध्ये 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद' उभी राहिली. या स्त्रियांत देवाला सोडलेल्याही आहेत. त्यांची मागणी उद्धाराची नाही. पोलिसी छळापासून आणि गुंडांपासून संरक्षणाची, रुग्णालयात माणसासारख्या वागणुकीची आणि आपल्या कामाला काम म्हणण्याची आहे. वेश्याव्यवसायाला विरोध करण्याचे धोरण लेखी स्वीकारावे, ही अमेरिकन साहाय्यनिधीची अट मान्य नसल्याने 'संग्राम'ने २००५ मध्ये तो निधी सोडला. ख्रिस्ती नीतिविचार देहविक्रयाला इतर श्रमांच्या पंक्तीत बसवू शकत नाही आणि आम्हीही बसवीत नाही. तरीही साक्ष ही साक्ष असते. आपल्या मताला सोयीची साक्ष ठेवायची आणि गैरसोयीची कापायची, तर त्या संग्रहाला दप्तर म्हणता येणार नाही. ते प्रचारपत्रक होईल. दोन्ही बाजूंचे शब्द शेजारी शेजारी लावावेत आणि पाहणाऱ्याने विचारात पडून बाहेर जावे, हेच योग्य.

पाण्याच्या दालनातही ओळीचाच प्रश्न आहे. जत हा पर्जन्यछायेतील तालुका. कृष्णा जिल्ह्याच्या पश्चिमेला भरून वाहते आणि पूर्वेला टँकरची वाट पाहिली जाते, हे सांगलीचे जुने चित्र. कृष्णा पाणीवाटपाच्या बच्छावत लवादाने महाराष्ट्राला ५६० टी.एम.सी. पाणी दिले. ते अडवून वापरात आणण्यासाठी ३१ मे २००० ही मुदत डोळ्यांसमोर होती. मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून पूर्वेकडे नेण्याची योजना कागदावर आली, पण जतच्या शिवारापर्यंत पोहोचण्यास तिला पिढी लागली. या विलंबाविरुद्ध जे लढले त्यांत क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी, गणपतराव देशमुख, डॉ. भारत पाटणकर यांची नावे अग्रभागी आहेत. १९९३ पासून आटपाडीला भरू लागलेल्या पाणी परिषदेने तेरा दुष्काळी तालुक्यांना एकत्र आणले. जत त्यांपैकी एक. त्यापूर्वी खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्ष चळवळीच्या लोकांनी येरळा नदीतील वाळू विकून बळीराजा धरण उभारले आणि भूमिहीनांसह प्रत्येक घराला पाण्याचा वाटा, हे तत्त्व मांडले. पाणी जमिनीच्या मालकाचे नसून माणसांचे आहे, हा विचार जगभरच्या परिषदांत बोलला जाण्यापूर्वी येरळेच्या वाळूत आकारास आला होता.

या लढ्याचे कागद कोणते? ग्रामसभांचे ठराव, मोर्च्यांची हस्तलिखित पत्रके, टँकरच्या फेऱ्यांच्या नोंदवह्या, पाझर तलावांचे नकाशे. त्यांतील सर्वांत नाजूक कागद म्हणजे सीमाभागातील गावांचे ठराव. पाणी मिळत नसेल तर आम्हांला कर्नाटकात जाऊ द्या, अशा आशयाची मागणी जतच्या पूर्व भागातील गावांनी २०१२ मध्ये केली. दहा वर्षांनी, नोव्हेंबर २०२२ मध्ये, कर्नाटकाचे तत्कालीन मुख्यमंत्री बसवराज बोम्मई यांनी याच ठरावांचा आधार घेऊन जतच्या गावांवर दावा सांगितला आणि दोन्ही राज्यांत वादळ उठले. वृत्तपत्रांनी त्याच्यावर 'सीमावाद' ही ओळ लिहिली. ठराव करणाऱ्या माणसांनी लिहिली असती तर ती 'तहान' अशी लिहिली असती. एकाच कागदाखाली एक ओळ लिहिली तर तो राज्यद्रोह वाटतो, दुसरी लिहिली तर घटनेने दिलेल्या जगण्याच्या हक्काची मागणी ठरते. प्रदर्शन मांडणाऱ्यांनी त्या ठरावाशेजारी त्या वर्षीच्या टँकरची नोंदवही ठेवावी. पाहणाऱ्याला आणखी काही सांगण्याची गरज उरणार नाही.

या साऱ्यात ख्रिस्ती समाजाने का पडावे, असा प्रश्न आमचे काही वाचक विचारतील. पोप तेविसावे जॉन यांनी १९६३ मध्ये 'पाचेम इन तेरिस' या परिपत्रकात मानवी हक्कांची भाषा ख्रिस्तसभेची भाषा केली, हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर चिलीने दिले आहे. तेथील लष्करी राजवटीत माणसे घरांतून उचलली जात असताना कार्डिनल राउल सिल्वा एन्रिकेझ यांच्या पुढाकाराने १९७६ मध्ये सांतियागोच्या महाधर्मप्रांतात 'विकारिया दे ला सोलिदारिदाद' हे कार्यालय सुरू झाले. नाहीशा झालेल्यांच्या आया-बहिणींच्या तक्रारी तेथे लिहून घेतल्या जात आणि न्यायालयांत अर्ज दाखल होत. बहुतेक अर्ज फेटाळले गेले. पण प्रत्येक अर्जाची प्रत ठेवली गेली. राजवट गेल्यावर सत्यशोधनासाठी तेच कागद आधार ठरले. चिलीतील मानवी हक्कांचे दप्तर २००३ मध्ये युनेस्कोच्या 'जगाची स्मृती' या नोंदीत गेले. त्याच कार्यालयाच्या आधाराने स्त्रिया गोणपाटावर जुन्या कपड्यांचे तुकडे शिवून आपल्या हकीकती चितारीत. आमच्या घराघरांतील वाकळ आठवावी. लिहिता न येणाऱ्या बाईचा दस्तऐवज कापडाचाही असू शकतो, हे जतच्या योजकांनी विसरू नये.

ग्वातेमालाचे उदाहरण अधिक कठोर आहे. तेथील धर्मप्रांतांनी यादवीतील अत्याचारांच्या हजारो साक्षी गोळा केल्या, त्याही लोकांच्या स्वतःच्या मायन भाषांत. बिशप हुआन हेरार्दी यांनी २४ एप्रिल १९९८ रोजी तो अहवाल राजधानीच्या कॅथेड्रलमध्ये सादर केला. दोन दिवसांनी त्यांची हत्या झाली. दप्तर सांभाळणे हे निरुपद्रवी, म्हाताऱ्या कारकुनांचे काम आहे, अशी कोणाची समजूत असेल तर ती या घटनेने दूर व्हावी.

परंतु पवित्र हेतू हे चांगल्या प्रदर्शनाचे प्रमाणपत्र नव्हे. ख्रिस्ती संस्थेने यल्लम्माच्या गावी जाऊन देवदासी प्रथेचे प्रदर्शन मांडले, तर ती दुसऱ्याच्या धर्मावरील टीका समजली जाण्याचा धोका आहे, आणि हा आक्षेप सर्वस्वी खोटाही म्हणता येणार नाही. जुन्या मिशनरी लेखनात 'अंधारातील' हिंदू स्त्रीची चित्रे पुष्कळ आहेत. ती चित्रे आपण पुन्हा लावायची नाहीत. या प्रथेविरुद्धची लढाई मुख्यतः शाहू, आढाव आणि गडहिंग्लजचे प्रा. विठ्ठल बन्ने यांच्यासारख्यांनी आणि त्याहून अधिक स्वतः त्या स्त्रियांनी लढली. योजनेचे नेतृत्व त्यांच्या वारसांकडे असावे. आपण जागा द्यावी, कागद जतन करण्याचे तंत्र शिकवावे, भाषांतरास हात लावावा आणि मागच्या रांगेत बसावे.

शिवाय आपल्या घरातील दप्तरही त्याच टेबलावर आले पाहिजे. ख्रिस्ती झालेल्या दलितांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलतींतून वगळले. या अन्यायाविरुद्ध आपण निवेदने देतो, आणि ती दिलीच पाहिजेत. पण कॅथलिक बिशपांच्या परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचे जे धोरण जाहीर केले, त्यात ख्रिस्तसभेतही अस्पृश्यता पाळली जाते हे मान्य केले आहे. पाणवठ्यावरील भेद दाखवणाऱ्या प्रदर्शनात दफनभूमीतील आणि मंदिरातील बाकांवरील भेदाला जागा नसेल, तर जतचा एखादा चाणाक्ष यात्रेकरू ते आपल्याला विचारल्यावाचून राहणार नाही. व्हॅटिकनच्या सांस्कृतिक वारशाच्या आयोगाने १९९७ मध्ये ख्रिस्तसभेच्या दप्तरांचे पाळकीय कार्य विशद करणारे पत्र काढले होते. आपल्या धर्मग्रामांतील बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या, दुष्काळातील धान्यवाटपाच्या याद्या, वसतिगृहांची हजेरीपुस्तके यांतून आपल्या लोकांचे श्रेय निघेल, तसेच त्यांचे अपश्रेयही निघेल. दोन्ही दाखवावे.

शेवटी काही व्यवहाराच्या गोष्टी. भोपाळच्या वायुग्रस्तांनी २०१४ मध्ये आपले स्मृतिसंग्रहालय उभारले, तेव्हा शासनाचे आणि कंपन्यांचे पैसे न घेण्याचे ठरविले आणि वस्तूंबरोबर पीडितांचे स्वतःच्या आवाजातील निवेदन ऐकविले. जतला हा मार्ग अनुकरणीय आहे, कारण यात्रेतील कित्येकांना लिखित ओळ वाचता येणार नाही. ज्या स्त्रीची साक्ष घ्यायची तिला ती मराठीत वा कानडीत पुन्हा ऐकवावी. चेहरा आणि नाव दाखवायचे की नाही हे तिने ठरवावे, आणि मनात बदल झाला तर प्रदर्शनाच्या आदल्या रात्रीही तिला साक्ष मागे घेता यावी. तिच्या मुलीच्या लग्नाची बोलणी चालू असतील, तर आपल्या भिंतीवरील एक रिकामी चौकट ही फार लहान किंमत आहे. मूळ कागद ज्याचा त्याला परत द्यावा आणि प्रत ठेवावी. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे यात्रा उठल्यावर प्रती मुंबईस किंवा पुण्यास न नेता जतमध्येच, एखाद्या वाचनालयात, कोणालाही मागून पाहता येतील अशा ठेवाव्यात.

प्रदर्शन यशस्वी झाले की नाही हे किती पाहुणे आले, कोणी फीत कापली, यावरून आम्ही ठरविणार नाही. एखादी वृद्ध जोगतीण आपल्या नातवाचा हात धरून आत आली, त्याने खालची कानडी ओळ तिला वाचून दाखविली आणि 'हे असेच होते' असे ती म्हणाली, तर योजकांचे श्रम सार्थकी लागले. आणि 'हे असे नव्हते' असे ती म्हणाली, तर तेथल्या तेथे ती ओळ खोडून तिने सांगितलेली लिहिण्यासाठी योजकांच्या खिशात पेन्सिल असावी.